बाटलीपलीकडचं दीव

अमळनेर-शिरपूरकडे 'दीवला चाललो' असं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "कोण कोण?" गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित, त्यामुळे आपल्याकडच्या पोरांच्या टोळ्या तिकडे कशाला जातात हे गावाला पाठ आहे. मी यादी सांगितली: बायको, आठवीतली मुलगी, थाळनेरची आत्या आणि गाडी चालवायला आतेभाऊ अण्णा. "आत्याबाई पण?" असं एकाने विचारलंच. जाऊन आल्यावर माझं मत असं झालंय की दीवला घरच्यांना घेऊनच जावं. नुसतं बसायचं असेल तर इतक्या लांब जायची गरज नाही.

पहिला दिवस: कोंडाईबारी उतरून सुरत

संक्रांत झाली आणि निघालो. डिसेंबरअखेर आणि दिवाळीनंतरचा पंधरवडा सोडाच, अख्खा गुजरात तिथे असतो. जानेवारीत, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत, खोल्या सहज मिळतात आणि भावही उतरलेले असतात.

धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सुरत. सांगण्यासारखं काही घडलं नाही. आत्याने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या आणल्या होत्या, त्या नवापूरच्या आतच संपल्या. या वाटेला एक जुना प्रवासी आठवला तो सांगतो. 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला आणि जहांगीराच्या भेटीला निघाला, तेव्हा तो आपल्या खानदेशातूनच बऱ्हाणपूरला गेला होता. बैलगाड्यांचा तांडा घेऊन. आम्हाला सहा तास लागले.

दुसरा दिवस: हजिरा, घोघा आणि हरवलेलं बुकिंग

सुरतेहून भावनगरला रस्त्याने जायचं तर खंभातच्या आखाताला अख्खा वळसा पडतो. त्याऐवजी हजिऱ्याहून घोघ्याला बोट जाते, ती गाडीसकट तुम्हाला पलीकडे उतरवते. साधारण चार तास धरा. वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. गाडीचं तिकीट आधीच काढावं, माणसांचं एकवेळ मिळतं. गाडी खालच्या मजल्यावर ट्रकांच्या रांगेत लागते आणि प्रवासात तिथे परत जाता येत नाही. स्वेटर, औषधं, खाणं वर घेऊन चढा.

खंभातच्या आखाताचं पाणी निळं वगैरे नसतं, चक्क गढूळ. नर्मदा, मही, साबरमती यांचा गाळ त्यात आणि भरती-ओहोटी इतकी मोठी की तो खाली बसतच नाही. आत्या कठड्याला धरून उभी होती. "आपली तापी बी अठेच येस का?" मी मागे, दक्षिणेकडे हात केला. तिने नमस्कार केला आणि पदराच्या गाठीतला एक रुपया पाण्यात टाकला. तिचं घर तापीच्या काठावरच आहे, तिथेही ती हेच करते.

बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. हे थंडीत उत्तरेकडून येणारे पाहुणे. लोक गाठिया उडवतात आणि ते हवेतच झेलतात. मुलीने अर्धं पाकीट संपवलं. नंतर बोटीवरच्या एका काकांनी सांगितलं की तळलेलं, खारट पक्ष्यांना घालू नये. सांगेपर्यंत त्यांच्या हातातलंही पाकीट रिकामं झालेलं होतं.

घोघ्याहून दीव तळाजा, महुवा, राजुला, उना असं किनाऱ्याकिनाऱ्याने. महुव्याला दोन्ही बाजूंना पांढऱ्या कांद्याची शेतं आणि कांदा वाळवायचे कारखाने. अण्णाने गाडीचा वेग आपोआप कमी केला. शेतकऱ्याबरोबर प्रवास करायचा तर हे धरून चालावं.

अंधार पडताना घोघल्याचा पूल ओलांडून बेटावर आलो. हे घोघला दीवचाच भाग, पण मुख्य जमिनीवरचा. सकाळच्या घोघ्याशी नाव जुळतं, म्हणून नकाशात नीट बघा. आम्ही किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात खोल्या ठरवल्या होत्या, पैसेही भरले होते. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहिलं, वहीत पाहिलं आणि म्हणाला, "तमारुं नाम नथी." पावती दाखवली तर म्हणे मालकाशी बोला. मालक फोन उचलेना. पैसे पंधरा दिवसांनी परत आले, तेही रोज फोन करून. शेवटी चहावाल्याने गावातल्या एका घराचा पत्ता दिला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या एका आजीबाईंचा. सगळे त्यांना 'बा' म्हणतात. पुढचं सगळं दीव आम्हाला त्या घरामुळे दिसलं.

जुन्या गावातल्या अरुंद गल्लीत निळसर रंगाचं घर, लाकडी गॅलरी, खाली झोपाळा. बा एकट्या. मुलगा आणि सून इंग्लंडात, लेस्टरला. गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलूप आणि त्यांचीही तीच गोष्ट. 1961 पर्यंत इथे पोर्तुगालचं राज्य होतं, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टवर माणसं आधी लिस्बनला गेली आणि तिथून इंग्लंडला.

मला गुजराती जेमतेम कळतं. आत्याने मात्र सरळ अहिराणी लावली, "जेवन जयं का तुम्हनं?" बांना कळलं. त्या गुजरातीत बोलत, आत्या अहिराणीत, आणि मध्ये दुभाषा लागला नाही. रात्री दहापर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुनांचा हिशेब पूर्ण केला होता. बायको वरच्या खोलीत शांतपणे झोपली हे बरं झालं.

राहण्याबद्दल एवढंच सांगतो. नागोव्याला समुद्रासमोर रिसॉर्ट आहेत, महाग आणि शनिवार-रविवारी गोंगाटाची. घोघल्याचा किनारा लांब आणि स्वच्छ, पोरंबाळं असतील तर तिथे राहा. आणि किल्ला, चर्च पायी बघायची असतील तर जुन्या गावातलं घर. पण कुठेही निघण्याआधी फोन करून नाव लिहिलंय का ते विचारून घ्या.

तिसरा दिवस: किल्ल्यावर थाळनेर निघालं

सकाळी चर्च पाहिली. सेंट पॉलचं चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. पांढऱ्या दगडी दर्शनी भागावर शंख, वेली, नक्षी यांची दाटी आणि आत गडद लाकडाची कोरलेली वेदी. उन्हाची तिरीप आत आली तेव्हा त्या लाकडावरच्या पानांच्या शिरासुद्धा दिसल्या. सेंट टॉमसच्या चर्चचं आता संग्रहालय झालंय. मोडकी लाकडी संतमंडळी ओळीने उभी असतात, एकाला हात नाही, एकाला नाक नाही. आत्याने सगळ्यांना हात जोडले.

मग किल्ला. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला खडक फोडून केलेला खंदक, त्यात भरतीचं पाणी शिरतं. टोपी, पाणी आणि चांगले बूट लागतील, सावली कमी आहे. वर तोफा पडल्यात, त्यातल्या काहींवर पोर्तुगालचं राजचिन्ह अजून वाचता येतं. समोर पाण्यात पाणीकोटा हा छोटा जलदुर्ग, नांगरलेल्या जहाजासारखा. तो लांबूनच पाहायचा.

इथली गोष्ट मी घरून वाचून गेलो होतो आणि ती सांगायला मला बुरुजच हवा होता. गुजरातच्या सुलतान बहादूरशहावर 1535 मध्ये हुमायून चालून आला. बहादूरशहाने पोर्तुगीजांची मदत मागितली आणि त्या बदल्यात त्यांना दीवला किल्ला बांधू दिला. हुमायून गेला, किल्ला राहिला. सुलतानाला पश्चात्ताप झाला. फेब्रुवारी 1537 मध्ये तो पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्याला भेटायला त्याच्या जहाजावर गेला. परतताना झटापट झाली आणि सुलतान याच पाण्यात मारला गेला.

आता आपला संबंध. बहादूरशहाला मुलगा नव्हता. त्याचा बहिणीकडून भाचा होता खानदेशचा राजा, मीरान मुहम्मदशहा फारुकी. गुजरातच्या सरदारांनी त्याच्याच नावाची द्वाही फिरवली. खानदेशचा राजा गुजरातचा सुलतान! पण दीड महिन्यातच तो वारला. मग ज्याला गादीवर बसवलं तो पोरगा महमूदसुद्धा खानदेशातच नजरकैदेत होता, त्याला तिथून मागवून घ्यावं लागलं. म्हणजे दीवच्या पाण्यात एक माणूस पडला आणि निरोप थेट तापीकाठी गेले.

फारुकींची राजधानी तेव्हा बऱ्हाणपूर होती, पण घराण्याचं मूळ ठाणं थाळनेर. त्यांच्या जुन्या कबरी आत्याच्या गावात आहेत. अण्णाच्या केळीच्या वावरातून घुमट दिसतात, तिथे शेळ्या बसतात. आत्या सगळं ऐकून म्हणाली, "म्हनजे भाचा आमना गावना!" आणि त्यानंतर किल्ल्यावर ती जराशी मालकिणीसारखी वावरली.

दुसरी गोष्ट मुलीला आवडली. 1546 च्या वेढ्यात किल्ला ढासळला आणि गव्हर्नर जुआंव द कास्त्रोचा मुलगाही मारला गेला. डागडुजीला पैसा नव्हता. कास्त्रोने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. मिशीचा केस गहाण ठेवणारे आपल्याकडे ऐकून माहीत, इथे दाढीवर कर्ज निघालं.

इतकी खटपट करून राखलेला हा किल्ला डिसेंबर 1961 मध्ये एका दिवसात पडला. 'ऑपरेशन विजय'मध्ये विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले, समुद्रातून 'आयएनएस दिल्ली'ने तोफा डागल्या आणि 19 तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. बा तेव्हा लहान होत्या. त्यांना लढाईपेक्षा जास्त आठवतंय ते असं की घरातल्यांनी पितळेची भांडी विहिरीत टाकली होती आणि नंतर त्यातला एक हंडा निघालाच नाही.

संध्याकाळी खुकरी स्मारक. 9 डिसेंबर 1971 ला दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. तिथे काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. सूर्यास्ताला गर्दी होते आणि लोक सेल्फी काढतात. थोडं आधी जा, नावं वाचता येतात.

रात्री बांनी बाजरीचे रोटले आणि वांग्याचा ओळो केला. खानदेशी माणसाला वांगं भाजून वाढणं म्हणजे परीक्षेला बसणंच. ओळ्यात टोमॅटो, लसूण, आलं आणि तेल सढळ. चव चांगली, पण आत्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारातून वांगी आणली. आपल्यासारखी पोपटी, मोठी भरताची वांगी तिथे नाहीत, जांभळी मिळाली. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, नाहीत म्हणून नारळाच्या वाळक्या झावळ्यांवर भाजली. बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, नाही म्हणून लाकडी परातीत मुसळीने ठेचली. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, टोमॅटो नाही. बांनी पहिला घास घेतला, पाणी प्यायल्या आणि पुन्हा वाढून घेतलं.

चौथा दिवस: गीर

दीवहून सासण गीर दोन-अडीच तास, कोडीनार-तालाला मार्गे. सफारीचा परवाना वन खात्याच्या संकेतस्थळावरून आधी काढावा लागतो, ज्या ओळखपत्रावर काढला ते मूळ कागद जवळ हवेत. 16 जून ते 15 ऑक्टोबर जंगल बंद. परवाना मिळाला नाही तर देवळियाला कुंपणातल्या मोठ्या भागात बसमधून फिरवतात. मुलं खूष होतात, पण ते जंगल नव्हे.

आम्ही दुपारची फेरी घेतली. साग, पानगळ, कोरडे नाले. आत्याला वाटलं आपण यावल-पालच्या बाजूलाच आलो आणि ते अगदीच खोटं नव्हतं, सातपुड्यातलं जंगल याच जातीचं. चितळं भरपूर, मोर, एक सांबर. तासभर सिंह नाही. गाइडने जिप्सी थांबवली आणि फक्त बोट केलं. रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर सागाच्या वाळक्या पानांत सिंहीण पडलेली. पानांचा आणि तिचा रंग एकच, आधी दिसली ती फक्त कानाची हालचाल. तिने आमच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि कूस बदलली. मुलीने फोटो काढला तो पानांचा आला.

खरं सिंहपुराण परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर ऐकलं. तालाला केशर आंब्याचं गाव, बागा मोहोरलेल्या होत्या. टपरीवर एक शेतकरी भेटले, त्यांच्या वाडीत आदल्या आठवड्यात सिंहाने वासरू मारलेलं. 2025 च्या गणनेत सिंह भरले 891 आणि त्यातले निम्म्याहून जास्त अभयारण्याच्या बाहेर, म्हणजे असे शेतांत, नदीकाठी, अगदी किनाऱ्यालाही. ते चिडलेले असतील असं वाटलं होतं. पण म्हणाले, "नुकसानीचे पैसे मिळतात. आणि सिंह फिरतो म्हणून रोही आणि डुक्कर कमी येतात." अण्णाने कप खाली ठेवला. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरांनी त्याच्या हरभऱ्याची आणि मक्याची दरवर्षी वाट लावलेली असते. आमच्याकडे बिबटे आहेत, पण ते केळीत लपतात आणि कुत्री नेतात, रोह्याला हात लावत नाहीत. आत्याने विषय मिटवला, "एक सिंह आमना वावरमा धाडी द्या."

शेतकरी हसले आणि आम्हाला टपरीमागची विहीर दाखवायला घेऊन गेले. विहिरीला कंबरेएवढा नवा कठडा. पूर्वी बिनकठड्याच्या विहिरींत रात्री सिंह पडून मरत, म्हणून अशा हजारो विहिरींना कठडे बांधले गेले. त्यांच्या कठड्याच्या ओल्या सिमेंटमध्ये गवंड्याच्या पोराने पंजाचा ठसा म्हणून स्वतःचाच हात उमटवून ठेवलेला आहे.

एक सूचना: रात्री या रस्त्याने गाडी हळू चालवा. जनावर आडवं आलं तर दिवे मंद करून थांबा, खाली उतरू नका. आम्हाला एक साळिंदर तेवढं आडवं गेलं.

पाचवा दिवस: पक्षी, होका आणि बोंबील

पहाटे खाडीवर. बेट आणि मुख्य जमिनीमधली ही खाडी ओहोटीला चिखलाचं मैदान होते आणि थंडीत पक्ष्यांनी भरते. फुदमला पक्षी अभयारण्य आहे. उजाडायच्या आत जा आणि भरतीची वेळ कोळ्यांना विचारून घ्या, पाणी चढलं की पक्षी लांब जातात. आम्हाला रोहित पक्ष्यांची एक रांग मिळाली, चोची उलट्या करून चिखल गाळत चाललेली. शेजारी शेकाटे, चित्रबलाक आणि राखाडी समुद्रबगळे. दुर्बिणीवरून भांडण झालं, ते आत्याने जिंकलं.

जवळच गंगेश्वर. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आणि भरतीची लाट येऊन त्यांना अंघोळ घालून जाते. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, वयस्करांचा हात धरा.

नागोव्याचा किनारा घोड्याच्या नालासारखा वळलेला, पाणी शांत. जलक्रीडांवाले मागे लागतात, भाव आधी ठरवावा. मला तिथली होक्याची झाडं पाहायची होती. ताडच, पण खोडाला फांद्या फुटलेल्या, दोनाच्या चार. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणली असं तिथले लोक सांगतात. तांबूस फळ कडक असतं, वरचा गर कुरतडायचा, चव गुळासारखी. आत्याने दातांचा विचार करून चार फळं नुसतीच पिशवीत टाकली.

बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. धक्क्यावर बोटींची दाटी, रंगीत निशाणं, जाळी शिवणारे म्हातारे आणि वास. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले. आपल्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीवर जो बोंबील बसतो, त्याचं माहेर हाच किनारा. मांडवाखालच्या बाईने अण्णाला एक काडकन मोडून दाखवला, "असा मोडला तर वाळलाय, वाकला तर घेऊ नको." अण्णाने दोन किलो घेतला. आत्या माळकरी. तिने गाडीत पुढची सीट मागितली.

सहावा दिवस: परत

बांनी खोलीचे पैसे ठरल्यापेक्षा कमी घेतले आणि आत्याकडून बडगी पाठवायचं वचन घेतलं. ती सुताराकडे टाकलीये, पण थाळनेरहून दीवला लाकडी बडगी कुरिअरने कशी जाते हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

उन्याकडे निघताना नाक्यावर पोलीस गाड्या उघडून बघतात. गुजरातेत परवान्याशिवाय एक बाटलीसुद्धा गुन्हा आहे, 'भेट म्हणून एक' वगैरे काही चालत नाही. आमची डिकी हवालदाराने उघडली आणि बोंबलाच्या वासासरशी लावली.

महुव्याला अण्णा उतरलाच. बाजार समितीच्या आवारात पांढऱ्या कांद्याचे ढीग बघत, वाण कोणता, पाणी किती, वाळवणारे काय भावाने उचलतात असं विचारत त्याने दीड तास लावला. त्यापायी घोघ्याची दुपारची बोट हातची गेली असती, पण ओहोटीमुळे तीच उशिरा सुटली. परतीच्या दिवशी बोटीवर भरवसा ठेवून सुरतेहून पुढची गाडी किंवा विमान धरू नका, मधे एक रात्र मोकळी ठेवा. आम्ही सुरतेला मुक्काम केला. हॉटेलवाल्याने बोंबील खोलीत नेऊ दिला नाही, तो रात्रभर गाडीत राहिला आणि गाडीला तो वास होळीपर्यंत होता.